'आउटपुट गेलंय' असं सांगून नेलेला रिसीव्हर

दिवाळीच्या साफसफाईत मी मामांचा रिसीव्हर पुसला आणि त्याच संध्याकाळी त्याचा आवाज बंद झाला. पुढच्या तीन महिन्यांत त्यापायी आमचे अकरा हजार रुपये गेले, एक स्पीकर जळाला आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला फार मनस्ताप झाला. सोलापुरात आणि आसपास अजून कितीतरी घरांत असे जुने सेट आहेत, वडीलधाऱ्यांनी जिवापाड जपलेले. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मामा म्हणजे माझे सासरे. सूतगिरणीत नोकरी केली, आता निवृत्त. १९८८ साली त्यांचा धाकटा भाऊ कुवेतहून येताना हा जपानी स्टीरिओ रिसीव्हर घेऊन आला. रेडिओचा ट्यूनर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत, समोर चांदीच्या रंगाची पट्टी, मोठं व्हॉल्यूमचं बटण आणि स्टेशन लागलं की डोलणारा काटा. सकाळी सहाला आकाशवाणी, दुपारी कॅसेट. मामांचा दिवसच त्यावर बसवलेला. चालू केलं की दिवे लागायचे, चार-पाच सेकंद काहीच व्हायचं नाही, मग आतून 'टक्' असा बारीक आवाज यायचा आणि गाणं सुरू व्हायचं. ही 'टक्' लक्षात ठेवा.

त्या संध्याकाळी दिवे लागले, काटा डोलला, 'टक्' सुद्धा झाली. पण दोन्ही स्पीकर मुके. मामांनी वायरी हलवून पाहिल्या, कॅसेट लावून पाहिली. काही नाही. माझा नवरा पुण्याला नोकरीला आहे, हुतात्मा एक्स्प्रेसने शनिवारी येतो आणि रविवारी जातो. घरात मी, मामा आणि दोन मुलं. शेजारच्या काकूंनी बाजारातल्या एका दुकानाचा नंबर दिला, म्हणून मी फोन केला.

दुसऱ्या दिवशी तिशीतला एक माणूस आला. बोलायला गोड. त्याने व्हॉल्यूम पूर्ण वाढवला, स्पीकरला कान लावला, वरच्या जाळीतून मोबाईलची बॅटरी मारून आत पाहिलं. मीटर पिशवीतच होता, तो बाहेरही काढला नाही. समोरचं एकही बटण दाबलं नाही. दोन मिनिटांत म्हणाला, "आउटपुट गेलंय बघा, काका. इंपोर्टेड पार्ट हाय, पुण्याहून मागवावा लागतो. साडेतीन हजारांपर्यंत जाईल." मामा कसनुसे झाले, पण हो म्हणाले. तो रिसीव्हर उचलून घेऊन गेला. पावती नाही, काही नाही. दुकानाचं कार्ड तेवढं दिलं आणि त्याच्या मागे पेनने तारीख लिहिली.

अकरा दिवसांनी सेट परत आला तेव्हा साडेतीनचे सहा हजार आठशे झाले होते. "दोन्ही चॅनेल गेले होते, चारही पार्ट टाकले," असं तो म्हणाला. आवाज आला होता म्हणून मी पैसे दिले, तेही रोख. जुने पार्ट मागायचं मला सुचलंही नाही.

मामांच्या कानाला मात्र तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. चालू केल्याबरोबर स्पीकरमध्ये 'धप्प' व्हायचं आणि लगेच गाणं सुरू. ते मला दोनदा म्हणाले, "अगं, ती टक् कुठं गेली?" मी दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "नवीन पार्ट हायत, आता थांबावं लागत नाही, लगेच सुरू होतो." मला ते पटलं, आणि मी मामांनाही तेच सांगितलं. या सगळ्या प्रकारात मला सर्वात जास्त टोचतं ते हे, की पस्तीस वर्षं रोज तो आवाज ऐकणाऱ्या माणसाचं मी ऐकलं नाही.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत नणंद मुलांना घेऊन आली होती. संक्रांतीच्या दुपारी मामांनी अभंगांची कॅसेट लावली. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, डाव्या स्पीकरमधून मोठा धक्का बसल्यासारखा आवाज आला आणि मग घुंऽऽ अशी सलग घरघर. मी जाळी काढून पाहिलं तर वूफरचा, म्हणजे खालच्या जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरचा, कागदी पडदा पुढे ढकलला जाऊन तसाच ताठ उभा होता. वार्निश जळल्यासारखा उग्र वास, आणि मधल्या टोपीतून धुराची बारीक रेघ. मामांनी धावत जाऊन प्लग ओढला. नातवंडं तिथेच खाली बसली होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुकानात फोन केला. "व्होल्टेज वाढलं असेल. आउटपुट परत गेलं. साडेचार हजार होतील, स्पीकरचे वेगळे." तेव्हा कुठे मला शंका आली. रविवारी नवरा घरी होता. शेजारच्या टॉवेल कारखान्यातल्या एकाने अशोक चौकाच्या पलीकडे राहणाऱ्या एका वयस्क तेलुगू मेकॅनिकचा पत्ता दिला. आयुष्यभर मंडळांचे, जत्रांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केलेला माणूस. घरातच पुढच्या खोलीत टेबल मांडलेलं. त्यांनी एक अट घातली, की तुमच्या समोरच उघडणार, तुम्ही बसायचं.

त्यांनी झाकण काढलं आणि काही न बोलता आम्हाला जवळ बोलावलं. पस्तीस वर्षांची धूळ बसलेली पाटी, आणि तिच्यावर चारच ठिकाणी नवे चकचकीत डाग, भोवती तपकिरी फ्लक्स तसाच चिकटलेला. तिथे हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर, चार पॉवर ट्रान्झिस्टर होते, प्रत्येक चॅनेलला दोन. स्पीकरला ताकद देणारे हे पार्ट म्हणजेच दुकानदाराचं 'आउटपुट'. त्यांच्यावर जपानी कंपनीचं नाव आणि नंबर पांढऱ्या शाईत ठळक छापलेला. मेकॅनिक आजोबांनी कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून एकावर फिरवला. अक्षरं बोळ्यावर उतरली, ट्रान्झिस्टर कोरा करकरीत. मग त्यांनी जळालेला एक ट्रान्झिस्टर काढून पकडीत धरून फोडला. आतली चिप तांदळाच्या कणीएवढी होती. अस्सल मालात ती करंगळीच्या नखाच्या निम्मी तरी असते, असं म्हणून त्यांनी डब्यातला जुना जळका अस्सल ट्रान्झिस्टर फोडून शेजारी ठेवला. दोन्ही शेजारी पाहिल्यावर आणखी काही समजावून सांगायची गरजच नव्हती. आमच्या सेटमधला मूळ नंबर आता कारखान्यात बनत नाही, त्यामुळे चालू स्थितीतल्या जुन्या जोड्यांना चांगली किंमत येते. आमच्या दोन जोड्या काढून घेतल्या होत्या आणि त्या जागी नकली बसवल्या होत्या.

दुसरी गोष्ट याहून वाईट होती. मागच्या बाजूला एका छोट्या रिलेच्या, म्हणजे विजेने आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, पायांना खालून वायरचा तुकडा जोडून ती कायमची चालू करून टाकली होती. मामांची 'टक्' म्हणजे ही रिले. चालू केल्यावर आतलं सर्किट काही सेकंद पाहतं, की स्पीकरच्या वाटेवर डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट तर येत नाही ना. सगळं ठीक असलं तरच रिले ओढली जाते आणि स्पीकर जोडले जातात. नकली ट्रान्झिस्टरांमुळे तिथे डीसी येत होता, म्हणून रिले ओढत नव्हती. त्या माणसाने कारण शोधण्याऐवजी पहारेकऱ्यालाच बाजूला केलं. पुढे डाव्या बाजूचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, आतला पस्तीस-एक व्होल्टचा डीसी सरळ वूफरच्या कॉइलमध्ये गेला. अशी कॉइल काही सेकंदांत जळते, कधी पडदाही पेटतो. आमचं नशीब, की मामा तिथेच होते.

आजोबांनी आज मिळणाऱ्या अस्सल बदली जोड्या बसवल्या, रिलेचा तुकडा काढला, आधी सिरीज बल्ब लावून, म्हणजे सेटची लाईट एका बल्बमधून देऊन, सेट चालू केला. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटलेलाच राहतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तेव्हा थेट लाईट दिली. मग स्पीकर न जोडता स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर धरून आम्हाला आकडा दाखवला, पंचवीस मिलिव्होल्टच्या आत. आणि पाच सेकंदांनी 'टक्'. त्यांनी सामानासकट चोवीसशे घेतले, कागदावर पार्टचे नंबर लिहून दिले, काढलेले चारही नकली पिशवीत घालून हातात दिले. वूफरची कॉइल बांधायला आणखी अठराशे गेले.

सेट पोचवायला ते स्वतः घरी आले आणि मामांना म्हणाले, "आता एकेक बटण समजून घ्या, म्हणजे परत कोणी फसवणार नाही." त्यांनी आवाज कमी केला, रेडिओ लावला आणि समोरचं 'टेप मॉनिटर' लिहिलेलं छोटं बटण दाबलं. दिवे चालू, काटा डोलतोय, आणि दोन्ही स्पीकर मुके.

मामा खुर्चीतून उठले. "असंच झालं होतं. दिवाळीत अगदी असंच."

मला ती दुपार आठवली. मी त्या पट्टीवरून ओला कपडा जोर लावून फिरवला होता. म्हणजे दिवाळीत सेट बिघडलाच नव्हता. पुसताना माझ्याकडून एक बटण आत गेलं होतं. दुकानात नेऊन त्या माणसाने ते बाहेर काढलं असणार आणि चांगल्या सेटची लूट केली.

हे बटण काय आहे ते सांगते, कारण जुन्या बहुतेक रिसीव्हरवर ते असतं. पूर्वी टेप डेकवर रेकॉर्डिंग करताना, भरलं गेलेलं कसं उमटतंय ते लगेच ऐकायची सोय म्हणून ते दिलेलं. ते दाबलं की रिसीव्हर रेडिओ, रेकॉर्ड, सगळं सोडून फक्त टेपच्या सॉकेटवर येणारा आवाज घेतो. तिथे डेक जोडलेला नसेल किंवा चालू नसेल तर शांतता. आमच्या कॅसेट प्लेअरची वायर दुसऱ्याच, म्हणजे बाहेरचं कुठलंही यंत्र जोडायच्या 'ऑक्स'च्या सॉकेटला आहे, म्हणून कॅसेटही ऐकू आली नाही. असंच 'स्पीकर्स ए' आणि 'बी' चं असतं. तुमचे स्पीकर ए ला जोडलेले आणि बटण बी वर गेलेलं असेल तर सेट मुका वाटतो, पण हेडफोन लावला तर त्यात गाणं ऐकू येतं. काही सेटना मागे प्री-आउट आणि मेन-इन अशा सॉकेटांमध्ये धातूचे यू आकाराचे आकडे असतात, आवाज त्यांच्यातूनच अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या भागात जातो. साफसफाईत ते निघाले तरी आवाज जातो.

तेव्हा आवाज गेला तर आधी व्हॉल्यूम अगदी खाली आणा, नाहीतर बरोबर बटण सापडल्यावर एकदम मोठ्ठा आवाज येऊन स्पीकर फाटेल. मग एकेक बटण दाबून, सोडून पाहा. दिवे लागत असतील आणि नेहमीची 'टक्' होत असेल, तर दोन्ही बाजूंचं आउटपुट एकदम जाण्याची शक्यता फार कमी. उलट 'टक्' होतच नसेल, तर मात्र उगाच परत परत चालू-बंद करू नका, स्पीकरच्या वायरी काढा आणि जाणत्याला दाखवा. सेट घराबाहेर देणारच असाल तर झाकण काढून आतला फोटो त्या माणसासमोर काढा, आणि काढलेले पार्ट परत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. दुरुस्तीनंतर सेटची एखादी जुनी सवय बदलली असेल, तर त्याचं कारण मागा.

आम्ही पिशवी घेऊन त्या दुकानात गेलो. तो माणूस म्हणाला, हे पार्ट आमचे कशावरून? आमच्याकडे उत्तर नव्हतं. बिल नाही, पैसे रोख, फोटो नाही. ग्राहकांसाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे सगळं मी नंतर माहीत करून घेतलं. पण तिथेही काहीतरी दाखवावं लागतं, आणि आमच्या हातात एका कार्डामागे पेनने लिहिलेली तारीख होती. निदान सहा हजार आठशे फोनवरून पाठवले असते तर तेवढी तरी नोंद राहिली असती.

डाव्या वूफरची कॉइल नवी आहे. बाकी कोणाला कळणार नाही, पण मामांना तिचा आवाज किंचित कोरडा लागतो. सकाळी सहाला ते सेट चालू करतात, 'टक्' होईपर्यंत हात बटणावरच ठेवतात, आणि मग बॅलन्सचं बटण केसभर उजवीकडे सरकवून ठेवतात.