वाद्यवृंदाचा रविवारचा क्लास, आमच्या भजन मंडळाचा अनुभव (४ स्टार)

आधीच सांगून टाकतो, पोट्ट्याले टीव्हीवरच्या स्पर्धेत एकट्यानं गायला उभं करायचं असेल, नाहीतर विशारदची परीक्षा द्यायची असेल तर हा क्लास तुमच्यासाठी नाही, तालुक्याला दुसरे आहेत. इथं फक्त सोबत वाजवणं शिकवतात. आपल्याला वाटते खंजेरी, तबला, पेटी, बासरी घेऊन अकरा जण एका सतरंजीवर बसले की झालं मंडळ. आमचंही तसंच होतं, जो जोरात वाजवेल तो जिंकला.

सर कॉलेजातून रिटायर झालेले, नोकरीत असताना विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी लोकवाद्यवृंद बसवायचे. त्यातलं दुखणं चहा पिताना सांगतात, की पोट्टे जरा कुठं एकमेकांचं ऐकायला लागले की बी.ए. होऊन चालले, कोणी पोलीस भरतीले, कोणी पुण्याले, अन् नवीन वर्षी पुन्हा सम (तालाची पहिली मात्रा) म्हणजे काय इथून सुरुवात. आम्ही पन्नाशीतले, कुठं जात नाही, म्हणून आमच्यावर खुश असावेत बहुतेक.

पहिले तीन रविवार वाद्याला हात लावू दिला नाही, नुसत्या टाळ्या. खरं सांगतो, मी फी परत मागणार होतो. चौथ्या रविवारी सर तुऱ्हाटीची सोललेली काडी घेऊन उभे, म्हणे हिच्याकडं पाहा. काडी वर गेली अन् आम्ही सगळे धाडकन सुरू, सगळे चूक. वर जाते ती श्वास घ्यायची मात्रा, वाजवायचं ती खाली आल्यावर. हे डोक्यात बसायला महिना गेला. मग एका रविवारी काडी वर असताना अशी शांतता झाली, मोझरीला तुकडोजी महाराजांच्या मौन श्रद्धांजलीच्या वेळी असते तशी, अन् केहरवा तालाची सम अकरा जणांची एकदम पडली. आमचा तबलेवाला भाऊ, गावातला सगळ्यात हेकट माणूस, माझ्याकडं पाहून हसला बाप्पा!

काडीवरून सर फ्रान्समधल्या लुली नावाच्या संगीतकाराची गोष्ट सांगतात, तो जाडजूड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा, ती एकदा पायावरच बसली, जखम चिघळली अन् १६८७ मध्ये गेला बिचारा. रविशंकरांचंही सांगतात, १९५२ मध्ये आकाशवाणीचा वाद्यवृंद निघाला तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडं होती, सतारीचा एवढा मोठा माणूस दुसऱ्यांकडून वाजवून घ्यायचा.

मे महिन्यात बासरी अन् व्हायोलिन काही केल्या जमेना, आम्ही त्या दोघांना शिव्या घालत होतो. सर म्हणाले, त्यांचा दोष नाही, टिनाखाली बसलो आपण, हवा तापली की बासरीचा सूर चढते, तार सैल पडून व्हायोलिनचा उतरते, तबल्याची पुडी सुकून वर जाते. पेटी त्यातल्या त्यात कमी हलते म्हणून सगळ्यांनी पेटीले मिळवायचं, अन् दर दोन भजनांनंतर पुन्हा मिळवायचं. तिकडच्या वाद्यवृंदात हे काम ओबो नावाचं फुंकायचं वाद्य करते म्हणे. तीस वर्षं भजन म्हणतो मी, उन्हाळ्यात आपण बेसूर काऊन होतो हे मले आता समजलं.

एक स्टार कापला तो नोटेशनसाठी. सर फळ्यावर लिहितात अन् पुसून टाकतात, फोटो काढू देत नाहीत, म्हणतात मोबाइलात गेलं की डोक्यातून गेलं. हे मले पटलं नाही. सोयाबीन सोंगायच्या दिवसात आमचे दोन-दोन रविवार बुडतात, मग ते कुठून आणायचं? मागितलं तर चिडतात, एकदा तर काडीच मोडली रागानं. (दुसरी लगेच सापडली, तुऱ्हाटीचा ढीगच आहे मागं.)

वेळ सकाळी सात, उशीर झाला तर बाहेर बसून ऐकायचं. लाईट गेली तरी क्लास होते. अन् जाणार असाल तर पेटी स्वतःची न्या, तिथली एकच आहे आणि तिची काळी तीन दाबली की तिथंच बसून राह्यते.