पणजीत पीसीसी काढताना : काउंटर चोख, पण या कागदावर किती भिस्त ठेवाल?

आखातातली नोकरी, बोटीवरची भरती किंवा परदेशात कायमचं राहायला जाणं, यांसाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी), म्हणजे पोलिसांत गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला मागतात. टुरिस्ट व्हिसासाठी ते देत नाहीत, उगाच अर्ज करू नका.

पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज, ५०० रुपये ऑनलाइन, मग पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट. मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या सही केलेल्या झेरॉक्स, सध्याच्या पत्त्याचा पुरावा. ईसीआर पासपोर्ट (ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा) असेल तर नोकरीचा करारही. केंद्रात ए काउंटरला फोटो नि ठसे, बीला कागद, सीला मंजुरी. इथवर तक्रारीला जागा नाही.

फाइल रखडते ती पोलीस ठाण्यात. पासपोर्टवर पत्ता काणकोणचा आणि बिऱ्हाड वास्कोत, असं असेल तर दोन्ही पत्ते अर्जात स्पष्ट लिहा. अनोळखी नंबर म्हणून हवालदाराचा फोन उचलला नाही, की ‘अर्जदार भेटला नाही’ असा शेरा पडतो. अपघाताची जुनी केस कोर्टात पडून असेल तर ती लपवण्यात अर्थ नाही. आधी वकील गाठा.

आता मुद्द्याचं. ‘पीसीसी आहे, म्हणजे माणूस निर्धोक’ असं काही एजंट बिनदिक्कत सांगतात. पीसीसी फक्त मागची नोंद बघतं, मनातलं नाही. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून इराकला गेले आणि तिथून आयसिसकडे वळले. नोकरी नाही, स्थलांतर नाही. पीसीसी मागणार कोण? त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने परदेशी जाऊन दहशतवाद्यांना मिळणाऱ्यांना रोखण्यासाठी ठराव २१७८ केला, २०१७ मध्ये ठराव २३९६, आणि सगळा भर प्रवाशांच्या आगाऊ माहितीवर गेला. आपल्याकडेही खरी चाळणी दाबोळी-मोपा विमानतळांच्या इमिग्रेशन काउंटरवर लागते. तिथे तुमच्या नावाने लुकआउट सर्क्युलर (देशाबाहेर जाताना अडवण्याची सूचना) निघालेलं असेल तर खिशातल्या पीसीसीचा काडीचा उपयोग नाही. देशाच्या सुरक्षेसाठी पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) खाली पासपोर्ट जप्तही होतो. त्यावर अपील करायला ३० दिवस मिळतात.

घरातल्या पोराच्या वागण्याची धास्ती वाटत असेल तर त्याचं पीसीसी निघतंय का, हे बघत बसू नका. तो तिकीट काढायच्या आत गोवा पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाशी (एटीएस) बोला.

सेवेला पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड ठाण्यातल्या खोळंब्याचा. सर्टिफिकेट हातात पडलं की पासपोर्ट नंबर आणि देशाचं नाव तिथेच उभ्या उभ्या ताडून बघा.