सेपियन ३ : पाच वर्षांनंतरची झडप

छाती न उघडता, जांघेतील धमनीतून नळी वर नेऊन बसवल्या जाणाऱ्या महाधमनीच्या झडपांमध्ये एडवर्ड्स कंपनीच्या सेपियन ३ चे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. कोबाल्ट-क्रोमियमच्या आखूड जाळीत गाईच्या हृदयावरणाच्या पाकळ्या शिवलेल्या असतात आणि फुगा फुगवून ती जागेवर बसवली जाते. रुग्ण काही दिवसांत घरी जातो, यात वाद नाही. प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे.

शस्त्रक्रियेचा धोका कमी असलेल्या 1000 रुग्णांवरील पार्टनर ३ या चाचणीत पहिल्या वर्षाअखेर मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण या झडपेबाबत 8.5 टक्के, तर शस्त्रक्रियेबाबत 15.1 टक्के होते. पाच वर्षांनी हेच आकडे 22.8 आणि 27.2 झाले, म्हणजे सुरुवातीची आघाडी आटत गेली. केवळ मृत्यू पाहिले तर ते अनुक्रमे 10 आणि 8.2 टक्के होते. हा फरक निर्णायक नाही, पण जाहिरातीत तो दिसणार नाही, हेही खरे. झडपेच्या कडेने होणारी सौम्य गळती आणि पाकळ्यांवर गुठळी धरणे या तक्रारी नळीच्या झडपेत अधिक आढळल्या. पाकळ्यांचे काम मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले.

दहा वर्षांचा दाखला म्हणून डेन्मार्क व स्वीडनमधील नोशन चाचणीचा उल्लेख होतो. तिथे पाकळ्यांची गंभीर झीज नळीच्या झडपेत 1.5, तर शस्त्रक्रियेच्या झडपेत 10 टक्के रुग्णांत दिसली. पण ती झडप सेपियन नव्हे, तर कोअरव्हॉल्व्ह ही दुसऱ्या कंपनीची नळीची झडप होती, रुग्णांचे सरासरी वय 79 होते आणि दहा वर्षांत त्यांतील साठ टक्क्यांहून अधिक दगावले होते. साठीच्या माणसाने या आकड्याला हमीपत्र समजू नये.

त्याच्यापुढे दुसऱ्या झडपेचा प्रश्न कधीतरी येणारच. जुनीच्या आत नवी बसवताना जुन्या पाकळ्या हृदयधमन्यांची तोंडे अडवू शकतात आणि जुनी काढायची तर ती शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. सेपियनची जाळी आखूड असल्याने उंच जाळीच्या झडपांपेक्षा ही अडचण कमी भासते, एवढी तिची जमेची बाजू.

पंचाहत्तरीपुढील रुग्णासाठी मी ही झडप निःसंकोच सुचवेन. पासष्टीच्या आतील रुग्णाने, विशेषतः जन्मतः दोनच पाकळ्यांची झडप असल्यास, आधी शस्त्रक्रियेचा विचार करावा, कारण अशा झडपेचे रुग्ण पार्टनर ३ मध्ये घेतलेच नव्हते.