टीव्हीवर आडवेळेला लागणारे चार मराठी चित्रपट

रात्री नऊच्या जागेवर हे चित्रपट सहसा येत नाहीत. दुपारी अडीच, मध्यरात्रीनंतर, नाहीतर भल्या पहाटे. म्हणून आठवडा सुरू होतानाच सेट-टॉप बॉक्सच्या गाईडमध्ये नावं शोधून ठेवावीत. गाईडमध्ये नाव बहुधा रोमन लिपीत असतं आणि स्पेलिंगचा नेम नसतो; ‘गंध’ शेवटी ‘ए’ लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे शोधावा. रेकॉर्डिंगची सोय असेल तर वापराच, पण वेळ सढळ हाताने धरा. जाहिरातींची नियमातली मर्यादा तासाला १२ मिनिटांची. तेवढीच धरली तरी ११६ मिनिटांचा चित्रपट संपायला दोन तास पंचवीस मिनिटं लागतात, आणि आधीचा कार्यक्रम लांबला तर शेवट कापला जातो. सरळ तीन तास लावावेत. पेनड्राइव्हवर केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा त्याच बॉक्सवर चालतं, शेजारच्यांच्या टीव्हीवर नाही.

शेवट कापला जाण्याचा सर्वात मोठा फटका ‘कोर्ट’ला बसतो. चैतन्य ताम्हाणेचा हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेला, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला, ऑस्करसाठी भारतातर्फे गेला. एवढं सगळ्यांना ठाऊक; पूर्ण पाहिलेले मात्र मोजकेच. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूला शाहिराचं गाणं कारणीभूत, असा आरोप आणि मुंबईच्या सत्र न्यायालयात त्याच्यावर पडत जाणाऱ्या तारखा. शाहीर झालेले वीरा साथीदार अभिनयाआधी चळवळीतले कार्यकर्ते, आणि ते पडद्यावर जाणवतं. कॅमेरा दूर, बहुधा स्थिर. कोपऱ्यात कोण पेंगतंय, कोण फायली चाळतंय यातच अर्धा चित्रपट आहे, त्यामुळे टीव्हीचा झूम मोड बंद हवा, नाहीतर नेमक्या कडाच कापल्या जातात. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषा आहेत; बॉक्समध्ये सबटायटल्स मिळत असतील तर चालू ठेवा. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, दिवे मालवतात आणि पडदा काळा होतो. इथे भलेभले रिमोट उचलतात. चित्रपट संपलेला नाही, थांबा. त्यानंतरच्या भागाशिवाय न्यायाधीश कळत नाही. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णीची लोकल, तिचा स्वयंपाक आणि कुटुंबासोबत पाहिलेलं नाटक हेही भरताड समजू नका; कोर्टात ती जे बोलते त्याचं मूळ तिथे आहे.

सचिन कुंडलकरचा ‘गंध’ (२००९) टीव्हीसाठी जास्त सोयीचा, कारण त्यात तीन सुट्या गोष्टी आहेत आणि दोन बैठकींत पाहिला तरी बिघडत नाही. लग्नाच्या वयाची मुलगी एका तरुणाच्या वासामागे जाते, ती अमृता सुभाष. दुसरीत एचआयव्ही झालेला छायाचित्रकार मिलिंद सोमण आणि त्याच्यापासून वेगळी राहणारी सोनाली कुलकर्णी. तिसरीत पावसाळी कोकण आणि पाळीमुळे बाजूला बसलेली नीना कुलकर्णी. मधली गोष्ट त्यातल्या त्यात कोरडी, पहिली सगळ्यांना आवडणारी. खरा कस तिसरीचा: घरात चाललेलं सगळं त्या बाईपर्यंत वासानं आणि आवाजानं पोचतं. त्यामुळे टीव्हीचा बेस वाढवणारा ‘सिनेमा’ साउंड मोड इथे काढून टाका. पावसाचा एकच घोंघाट होतो आणि हळू आवाज त्यात बुडतात.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये मोहन आगाशे अल्झायमर झालेले संस्कृत पंडित आहेत, हत्तीच्या मागे चालत ते हरवतात. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, म्हणून की काय, विस्मरणाचा अभिनय कुठेही केविलवाणा होत नाही. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संवाद जरा शिकवणीकडे झुकतात, पण घरात असा आजार असलेल्यांनी पाहावाच. त्यांनी शक्यतो एकट्यानं पाहू नये, इतकंच.

राहिला सतीश मनवरचा ‘गाभ्रीचा पाऊस’. ‘शेतकरी आत्महत्या’ हे दोन शब्द वाचूनच लोक चॅनल बदलतात, आणि नेमकी इथेच गल्लत होते. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर आपला नवराही तसंच करील या धास्तीनं बायको त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला मागावर पाठवते, गोडधोड करून घालते. आणि जो माणूस फक्त पेरणीच्या काळजीत आहे तो या देखरेखीनंच वैतागतो. यात खरोखर हसू येतं. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि सासू झालेल्या ज्योती सुभाष, तिघांची वऱ्हाडी कान देऊन ऐकण्यासारखी. बोलीची सवय नसेल तर पहिली दहा मिनिटं आवाज वाढवून, शक्य असल्यास टीव्हीच्या ‘स्पीच’ मोडवर पाहा. पुढे लागत नाही.