ट्रॅपरची विजार: ब्रेन-टॅन घ्यावी की क्रोम-टॅन?

जुना काळ त्या काळच्या वेशात जगून पाहण्याच्या मेळाव्यांसाठी अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या १८२५ ते १८४० च्या ट्रॅपरचा, म्हणजे कातडीसाठी सापळे लावून जनावरं धरणाऱ्याचा, वेश जमवायला घेतला की गाडी विजारीपाशी अडते. मी दोन्ही वापरल्या आहेत: आधी क्रोम-टॅन, म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या कातड्याची, आणि गेली चार वर्षं ब्रेन-टॅन, म्हणजे जनावराचा मेंदू चोळून कमावलेल्या कातड्याची.

काळाचा हिशेब लावला तर वाद फारसा उरत नाही. क्रोमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं ऑगस्टस शुल्ट्झ यांचं पेटंट १८८४ चं. ग्रीन नदीकाठचा शेवटचा रांदेव्हू, म्हणजे ट्रॅपर आणि व्यापाऱ्यांचा वार्षिक मेळा, त्याच्या ४४ वर्षं आधीच उठला होता. तरी क्रोमला अगदीच मोडीत काढू नये. ते स्वस्त पडतं, जाडी सगळीकडे सारखी असते, भिजून वाळलं तरी फारसं कडक होत नाही. वाढत्या वयाच्या मुलासाठी घेत असाल तर मी तेच सुचवेन.

माझं मन त्यावरून उडालं ते घामामुळे. बाजारात 'बकस्किन' (हरणाचं कातडं) म्हणून मिळणाऱ्या बऱ्याचशा कातड्यावर वरची गुळगुळीत साल तशीच असते आणि तिच्यातून हवा खेळत नाही. जुलैतल्या एका मेळाव्यात दुपारभर लाकडं फोडली, तर विजार मांड्यांना ओल्या फडक्यासारखी चिकटली. डोंगरात ऊन उतरलं की लगेच गारठा पडतो. तोच घाम आतल्या आत गार झाला आणि मी शेकोटीपाशी बसूनही रात्रभर कुडकुडत होतो. ब्रेन-टॅन करताना ही साल खरवडून काढतात, मेंदू चोळतात, सुकेपर्यंत कातडं ओढून-ताणून मऊ करतात आणि शेवटी धुरी देतात. अंगावर ते जाड फ्लॅनेलसारखं वाटतं. पुढच्या उन्हाळ्यात तीच कामं केली आणि रात्री शांत झोपलो. प्रत्येकाचं अंग वेगळं, पण माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

घेताना एकच विचारा: धुरी दिली आहे का? न धुरावलेलं पांढरं कातडं फार देखणं दिसतं, पण एका सरीत भिजलं की वाळून पुठ्ठ्यासारखं ताठ होतं.

किंमत ऐकून दचकायला होतं, हे खरं. पण डोक्यापासून पायापर्यंत कातडं हवंच कशाला? आल्फ्रेड जेकब मिलर यांच्या चित्रांतले झालरींचे अंगरखे आपल्या डोळ्यांसमोर असतात, पण त्यांनी पर्वतातला तो एकच, १८३७ चा उन्हाळा पाहिला. ऑस्बर्न रसेल १८३४ पासून तिथे वर्षानुवर्षं सापळे लावत होता. त्याने ट्रॅपरच्या अंगावर फ्लॅनेलचा किंवा सुती सदरा सांगितला आहे. तो नसेल तर अँटिलोपच्या कातड्याचा. विजार मात्र कातड्याची, आणि कोट ब्लँकेटचा किंवा बायसनच्या कातड्याचा. तेव्हा सदरा सुती शिवून घ्या आणि वाचलेले पैसे विजारीत घाला. मी तसंच केलं. तीन हरणांची कातडी लागली.

आणि गुडघ्याखाली ब्लँकेटचं कापड जोडा. बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या केसाळ प्राण्यासाठी ओढ्यात उतरणारे ट्रॅपर असं करत, कारण ओलं कातडं पायावरच वाळताना आवळत जातं. माझ्या विजारीला खाली पांढरं ब्लँकेट आहे. ओढ्यातून आलो की ते पिळायचं, आणि शेकोटीजवळ बसल्या बसल्या ते वाळतं.