रेप्लिकाची वाट किती पाहायची? चार डेटाबेसच्या टाइमआउटची पारख

मुदत संपली, रेप्लिकाची (मुख्य सर्व्हरच्या डेटाची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरची) पोचपावती आली नाही आणि नोंद तर मुख्य सर्व्हरवर केव्हाच लिहून झाली आहे. अशा वेळी डेटाबेस ॲप्लिकेशनला काय सांगतो, यावरच इथे गुण दिले आहेत. मुदत किती सेकंदांची, हा त्यानंतरचा प्रश्न.

मायएसक्यूएलचं सेमी-सिंक रेप्लिकेशन, म्हणजे रेप्लिकाची पावती येईपर्यंत कमिट (व्यवहार पक्का करणं) रोखून धरणारी पद्धत, ५.५ पासून प्लगइनच्या रूपात मिळतं. त्याची मूळ मुदत १०,००० मिलिसेकंद, म्हणजे १० सेकंद. तेवढ्या वेळात पोचपावती आली नाही, तर सर्व्हर असिंक्रोनस, म्हणजे पावतीची वाट न पाहणाऱ्या, पद्धतीवर उतरतो आणि कमिट यशस्वी झाल्याचं कळवतो. क्लायंटला एररही येत नाही. पैशांच्या व्यवहाराची नोंद एकाच डिस्कवर आहे आणि ॲप्लिकेशन मात्र ती दोन ठिकाणी आहे असं धरून पुढे जातं, हा या रचनेतला सर्वांत मोठा दोष. त्यामुळे सेमी-सिंकची स्टेटस ऑफ झाली की अलार्म वाजायलाच हवा. पावतीशिवाय झालेल्या कमिटचा काउंटरही मॉनिटरिंगमध्ये घ्यावा.

पण याच रचनेची एक बाजू खरोखर चांगली आहे. पहिली मुदत संपताच सेमी-सिंक सगळ्यांसाठीच बंद होतं, त्यामुळे पुढचे कमिट पुन्हा १०-१० सेकंद ताटकळत नाहीत. रेप्लिका मागची बाकी भरून बरोबरीला आली, की सर्व्हर आपणहून पुन्हा सेमी-सिंकवर येतो. उतरणं टाळण्यासाठी काही जण मुदत अवाढव्य ठेवतात. मग रेप्लिका पडली की लेखन जागच्या जागी अडतं. हे मान्य असेल तरच तसं करावं. आणखी एक: इथली पावती बदल रिले लॉगमध्ये (आलेले बदल लागू होईपर्यंत रेप्लिका ज्यात साठवते त्या फाइलमध्ये) पोचल्याची असते, लागू झाल्याची नव्हे. रेप्लिकावर ताजं वाचायचं असेल, तर तिथे जीटीआयडीची (व्यवहाराच्या ओळख-क्रमांकाची) वाट पाहणारं फंक्शन वापरावं. ते यशाला ० आणि मुदत संपल्यावर १ देतं. त्याची मुदत सेकंदांत असते, सेमी-सिंकची मिलिसेकंदांत. एकाच डेटाबेसमधली ही दोन एककं कॉन्फिगरेशनमध्ये हमखास घोळ करतात.

मोंगोडीबीचा डब्ल्यूटाइमआउट (लेखनाच्या पावत्यांसाठी थांबायची मुदत) जास्त प्रामाणिक आहे. मुदत संपली की राइट कन्सर्नची (लेखन किती सर्व्हरवर पोचावं या अटीची) एरर येते. मात्र लेखन मागे घेतलं जात नाही, ते प्रायमरीवर (मुख्य सर्व्हरवर) असतंच. ही एरर पाहून कोडने तोच इन्सर्ट नव्या आयडीने पुन्हा पाठवला, तर नोंद दोनदा पडते. शिल्लक वाढवणारा अपडेट पुन्हा केला, तर रक्कम दोनदा वाढते. म्हणून आयडी क्लायंटकडेच तयार करावा आणि रिट्रायला तोच वापरावा. मुदत दिलीच नाही किंवा ० दिली, तर वाट अनिश्चित काळ चालते. शिवाय इथे प्रत्येक लेखन आपापली मुदत पूर्ण भोगतं. पूलमध्ये (ॲप्लिकेशनने उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात) ५० कनेक्शन, मुदत १० सेकंद आणि मेजॉरिटी (बहुसंख्य सदस्यांची पावती) गाठायला सेकंडरी (रेप्लिका) अपुऱ्या, असं झालं तर सेकंदाला जेमतेम ५ लेखनं उरतात. प्रायमरी, सेकंडरी आणि आर्बिटर (डेटा न ठेवता फक्त मत देणारा सदस्य) अशा तीन सदस्यांच्या रचनेत मेजॉरिटी मागितली असेल, तर एकटी सेकंडरी पडणंही एवढ्याला पुरतं.

पोस्टग्रेसमध्ये अशी मुदतच नाही. सिंक्रोनस स्टँडबाय (ज्याच्या पावतीसाठी कमिट थांबतं तो रेप्लिका सर्व्हर) गेला की कमिट थांबून राहतं. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये (चालू कनेक्शनची स्थिती दाखवणाऱ्या यादीत) प्रतीक्षेचं कारण सिंकरेप दिसतं. वाट रद्द केली, तर व्यवहार स्थानिक पातळीवर आधीच कमिट झाल्याचा इशारा येतो, पण तो एरर नसून वॉर्निंग असल्याने कोडच्या नजरेतून सहज निसटतो. सुटकेचा मार्ग म्हणजे स्टँडबायच्या यादीतून ते नाव काढून कॉन्फिगरेशन रीलोड करणं, किंवा आधीच ‘एनी’ पद्धतीने दोनपैकी कोणताही एक स्टँडबाय पुरेसा ठरवणं.

सर्वांत आवडलेली रचना रेडिसच्या वेट कमांडची. ‘वेट १ ५००’ म्हणजे एका रेप्लिकासाठी जास्तीत जास्त ५०० मिलिसेकंद थांबायचं. मुदत संपो वा न संपो, उत्तरात किती रेप्लिकांनी पावती दिली तो आकडा येतो आणि पुढचा निर्णय ॲप्लिकेशन घेतं. तरी दोन ठिकाणी ठेच लागते. वेट त्याच कनेक्शनवरच्या लेखनापुरतं असतं, त्यामुळे पूलमधून दुसरं कनेक्शन हाती आलं तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. आणि ड्रायव्हरचा सॉकेट टाइमआउट वेटच्या मुदतीपेक्षा कमी असेल, तर तो आकडा कधी पोचतच नाही. डिस्कवर लिहिल्याची खात्री हवी असेल, तर ७.२ पासून वेटएओएफ आहे.

चाचणी करताना रेप्लिका नुसती बंद करून भागत नाही, कारण तेव्हा टीसीपी कनेक्शन तुटतं आणि मुख्य सर्व्हरला ते लगेच कळतं. सिगस्टॉप हा सिग्नल पाठवून रेप्लिकाची प्रोसेस गोठवा. कनेक्शन उघडं राहतं, पावती मात्र येत नाही, आणि टाइमआउटची खरी कसोटी तिथेच लागते.