ऑनलाइन डिग्री, मुक्त विद्यापीठ की कॉलेज? फी भरण्याआधी मांडायचा हिशोब

बारावीचा निकाल लागला त्याच रात्री कळे गावाहून भाचीचा फोन. "मावशी, मी ऑनलाइनच बी.कॉम. करतो. कॉलेजात जाऊन तरी काय करायचं? तिथं लेक्चर होतंय कुठं?" मागून ताईचा आवाज आला, "आधी फी किती ते इचार!"

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. कारण दोन्हीकडचं पाणी मी प्यायले आहे. कळ्याहून रोज एसटीनं कोल्हापूरला येऊन बी.कॉम. केलं. पुढं लग्न, मूल, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत हिशोबखात्यातली नोकरी, हे सगळं झाल्यावर एम.कॉम. ऑनलाइन केलं. तेव्हापासून नात्यात, शेजारात, कंपनीत कुणाला हा प्रश्न पडला की माझ्याकडं पाठवतात. मला विचाराल तर सगळं एका गोष्टीवर येऊन ठरतं: तुमच्या दिवसातले दोन तास कुणाच्या ताब्यात आहेत? फी, मान्यता, नोकरी हे मुद्दे आहेतच, पण ते त्यानंतर.

आधी नावांचा घोळ

आपल्याकडं कॉलेजला न जाता केलेली कुठलीही डिग्री म्हणजे "बाहेरून केली". आता त्यालाच "ऑनलाइन केली" म्हणतात. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दूरशिक्षण म्हणजे पुस्तकांवर चालणारं शिक्षण. विद्यापीठ स्वयंअध्ययनाची पुस्तकं देतं, जवळचं अभ्यासकेंद्र ठरवून देतं, तिथं सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं होतात, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच करतंय आणि त्याचं विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, त्याहून जुनं, १९८५ चं. शिवाजी विद्यापीठाचंही स्वतःचं दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे, त्यामुळं चौकशीला लांब जायची गरज नाही. सागरमाळावर गेलात तरी चालेल.

ऑनलाइन डिग्रीत वर्गच पोर्टलवर असतो. काही लेक्चर थेट, बरीचशी आधी रेकॉर्ड केलेली, चर्चेची पानं, प्रश्नमंजूषा, असाइनमेंट. परीक्षा एक तर केंद्रावर, नाहीतर घरून कॅमेऱ्याच्या नजरेखाली. मान वळवली की पडद्यावर सूचना येते, मागून कुणी गेलं तरी येते.

तिसरा प्रकार म्हणजे ॲपवरचे सर्टिफिकेट कोर्स. ते शिकायला चांगले असू शकतात, पण ती डिग्री नव्हे. जाहिरातीत ही रेघ मुद्दाम पुसट ठेवलेली असते.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांनुसार दूरशिक्षण आणि ऑनलाइन दोन्हीत अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के वजन, सत्राअखेरच्या परीक्षेला किमान ७०. म्हणजे असाइनमेंट भरून पास होण्याचा रस्ता बंद. २०२२ मध्ये यूजीसीनं हेही स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची. त्यामुळं "एमपीएससीला चालते का" ही काळजी करू नका. शहरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून बाकीचा दिवस स्पर्धा परीक्षेला देणारी पोरं शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असतील.

काय करताच येत नाही, तेही पक्कं आहे: इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंग, कायदा. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्रही या यादीत गेलं. कुणी "ऑनलाइन बी.ई." म्हणाला की फोन ठेवून द्यायचा.

पैसे: दिसतात तेवढे वाचत नाहीत

ऑनलाइन स्वस्त, असं सरसकट समजतात. रूमभाडं आणि मेस वाचते, हे खरंच. चंदगडच्या किंवा आजऱ्याच्या पोरीला शहरात राहायचं म्हटलं तर हा खर्च फीच्याही वर जातो. पण जी रोज ये-जा करू शकते तिचा हिशोब निराळा. एसटीच्या विद्यार्थी पासात जवळजवळ दोन तृतीयांश सवलत मिळते, आणि मार्च २०२३ पासून बायकांना साध्या तिकिटालाही अर्धंच भाडं आहे.

त्याहून मोठी गोष्ट महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलची. तिथली राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, ती नियमित प्रवेशासाठी. दूरशिक्षण, अर्धवेळ, ऑनलाइन प्रवेशाला ती मिळत नाही. तेव्हा दोन फींची तुलना करताना कॉलेजच्या फीतून आधी ही रक्कम वजा करा. ताईच्या घरचं उत्पन्न धरून मी कागदावर आकडे मांडले तर भाचीला कॉलेजच स्वस्त पडत होतं. तिला ते पटलं नाही, ताईला ताबडतोब पटलं.

घरात असणारा माणूस मोकळाच असतो

हा भाग कुठल्याही माहितीपत्रकात नसतो, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच.

मी बी.कॉम.ला असताना आई पाचला उठून डबा करायची. पोरगी कॉलेजला जाते म्हटल्यावर सकाळचं कुठलंच काम माझ्या वाट्याला यायचं नाही. कॉलेजात मी किती शिकले हा वेगळा विषय, निम्मी लेक्चर झालीच नाहीत. पण सकाळी साडेसहाच्या एसटीत बसल्यापासून दुपारी परत येईपर्यंतचा वेळ माझा होता आणि त्यावर कुणी हक्क सांगत नव्हतं.

एम.कॉम.चं थेट लेक्चर संध्याकाळी सात ते आठ. त्याच वेळी दूध यायचं, कुकर लावायचा, पोराचा गृहपाठ. मी मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून चपात्या लाटत स्थगित कराचं (डिफर्ड टॅक्सचं) लेक्चर ऐकलेलं आहे. पडद्यावर पिठाची बोटं. समजलं काहीच नाही. सासूबाई वाईट नाहीत, पण त्या म्हणायच्या, "जरा मोबाईल ठेव की बाजूला." त्यांच्या डोळ्यांना सून मोबाईल बघत होती. कॉलेजला गेलेली सून त्यांना दिसली असती, लेक्चर ऐकणारी दिसत नव्हती. पहिल्या सत्रात दोन असाइनमेंट बुडाल्या. एक विसरले म्हणून. दुसरी, माहेरी गेले आणि पावसात लाईट गेली म्हणून. पोर्टल रात्री बाराला बंद होतं आणि कळ्याची लाईट कधी आली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

शेवटी मी कंपनीतच थांबायला लागले. साडेसहाला सुट्टी झाली की हेडफोन लावून आठपर्यंत टेबलापाशी. बाहेर भट्टीची घरघर, पण हाक मारणारं कुणी नाही. घरी सांगितलं, ओव्हरटाइम आहे. ओव्हरटाइमला आमच्या घरात फार मान! सासूबाई स्वतःहून कुकर लावायला लागल्या. निकालाच्या दिवशी खरं काय ते सांगितलं तर म्हणाल्या, "मग आधीच सांगायचं की." सांगितलं होतं, चार महिने रोज सांगत होते.

कोल्हापूरच्या दसरा चौकातून जाताना हल्ली मला हे आठवतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, काढलं, जैन बोर्डिंगही त्याच काळातलं, आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहत गेली. खेड्यातल्या पोराला लांब पडतं, हाच तेव्हाही प्रश्न होता. त्यावर महाराजांनी पोराला शहरात आणलं, आणि आणल्यावर नुसता वर्ग दाखवला नाही, तर जागा, दिवा, जेवण आणि बरोबरीनं अभ्यास करणारी चार पोरं दिली. ऑनलाइनमध्ये फक्त लेक्चर गावापर्यंत येतं. बाकीचं आपलं आपण उभं करायचं असतं. ते करता येणार असेल तर गगनबावड्यात बसूनही उत्तम शिकता येईल, अर्थात रेंज असेल तर.

कुणाला काय जमेल

कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत पाळीनं काम करणारा आयटीआयवाला असेल, तर त्याला कॉलेज शक्यच नाही. पाळी दर आठवड्याला बदलते. त्याच्यासाठी रेकॉर्ड केलेली लेक्चर म्हणजे देणगी, आणि ऑनलाइनच बरं. ज्याचा पडदा बघून डोळा लागतो पण पुस्तक हातात घेऊन जमतं, त्यानं मुक्त विद्यापीठ पाहावं. तिथं निदान सुट्टीच्या संपर्क सत्राला चार तोंडं दिसतात. इचलकरंजीकडच्यांनी नाईट कॉलेजही विसरू नये. यंत्रमागाच्या गावात ती सोय आधीपासून आहे. आणि पैशांमुळंच कॉलेज सुटणार असेल, तर शिवाजी विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेची चौकशी केल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

सैन्यात किंवा पोलिसात जायचं असलेल्या पोरांना मी स्पष्ट सांगते, कॉलेजला जा. एनसीसी घरबसल्या होत नाही, आणि सैन्याच्या भरतीत 'सी' प्रमाणपत्राचे वाढीव गुण मिळतात. प्रयोगशाळा लागणाऱ्या विषयांचंही तसंच. टायट्रेशनचा रंग कधी बदलतो ते हातानं थेंब सोडल्याशिवाय कळत नाही.

अठरा वर्षांच्या पोराचं काय? इथं माझा कल कॉलेजकडं आहे आणि तो मी लपवत नाही. या वयात वेळापत्रक बाहेरून लादलेलं बरं असतं. शिवाय गावातल्या पोरीला एसटी स्टँडवर एकटं उतरणं, बँकेत स्वतः चलन भरणं, युवा महोत्सवात चार अनोळखी पोरींबरोबर नाचणं, हे कुठल्या पेपरात नसतं पण पुढं नोकरीत रोज लागतं. मला स्वतःला मुलाखतीत बोलता आलं ते एसटीत कंडक्टरशी भांडून भांडून.

त्यातही 'कॉलेज नाहीतर ऑनलाइन' असं एकच हट्टानं धरायचं कारण आता उरलेलं नाही. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्यांची मुभा दिली आहे: एक नियमित आणि दुसरी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची चालते. आयआयटी मद्रासची २०२० मध्ये सुरू झालेली डेटा सायन्सची पदवी बरीच पोरं कॉलेज करत करतच करतात. लेक्चर घरी आणि परीक्षा केंद्रावर जाऊन, त्यामुळं तिला वजन आहे.

सही करण्याआधी

"मॅडम, शेवटच्या तीन सीट आहेत." ऑनलाइनला शेवटच्या तीन सीट! मला हा फोन एका आठवड्यात पाच वेळा आला. असे फोन करणारे बहुधा विद्यापीठाचे नोकर नसतात, कमिशनवर असतात. त्यांना एकच विचारा, या विद्यापीठाला या कोर्ससाठी या सत्रात यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची परवानगी आहे का? उत्तरावर विश्वास न ठेवता डीईबीच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका, कोर्सचं नाव आणि सत्रही जुळलं पाहिजे. २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडीही काढावा लागतो. तो न विचारता कुणी फी मागत असेल तर पाणी कुठं मुरतंय ते समजा. फ्रँचायझी देऊन असे कोर्स चालवायला यूजीसीची मनाई आहे, तेव्हा राजारामपुरीत गाळा घेऊन बसलेला "अधिकृत सेंटरवाला" बघितला तरी हेच सगळं तपासायचं.

दुसरं, "बिनव्याजी हप्ता" म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज. कोर्स सोडला म्हणून हप्ता थांबत नाही. माझ्या ऑफिसातल्या एकानं तिसऱ्या महिन्यात कोर्स सोडला आणि पुढचं वर्षभर पगारातून पैसे कटत राहिले. परीक्षा फी, पुनर्परीक्षेची फी वेगळी आहे का, हे लेखी घ्या.

भाचीला मी एक अट घातली. कॉलेजचे प्रवेश आधी बंद होतात, म्हणून तिथला प्रवेश घेऊन ठेव. आणि जुलैत 'स्वयम'वर अकाउंटिंगचा आठ-बारा आठवड्यांचा एखादा कोर्स धर. केंद्र सरकारचं पोर्टल आहे, शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि तिला मुदत असते. त्या सगळ्या तू कुणी न सांगता वेळेत भरल्यास, तर ऑनलाइन डिग्रीबद्दल बोलू. नाही जमलं तर एक रुपयाही गेला नाही.

गेल्या रविवारी चौथा आठवडा संपत होता. सहज फोन केला तर ताईनं उचलला आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, "ती आतल्या खोलीत काय तरी सोडवालीय, दार लावून घेतलंय. अर्ध्या तासानं कर."